बत्तीस फ्रेमची उडी

जुन्या टीव्ही गेममधला मारिओ आज पुन्हा खेळायला घेतला की दोन गोष्टी जाणवतात. पहिली म्हणजे, चित्रं इतकी साधी असूनही हातातला रिमोट खाली ठेववत नाही. दुसरी म्हणजे, शाळेत असताना जो खड्डा डोळे मिटून पार व्हायचा त्याच खड्ड्यात आता तिन्ही लाईफ जातात. या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, मारिओच्या उडीत. ती नीट उलगडून पाहिली की असा खेळ का आवडतो हे कळतं, आणि आजच्या टीव्हीवर तो का बिघडतो हेही कळतं.

आधी फ्रेमचा हिशोब. १९८३ साली जपानमध्ये आलेलं निन्टेन्डोचं फॅमिकॉम यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंदांचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम याच यंत्राच्या नकला होत्या. १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' दर फ्रेमला एकदा बटणं तपासतो, मारिओ किती सरकला ते काढतो आणि चित्र पडद्यावर पाठवतो. यंत्राकडे मूळची मेमरी फक्त २ किलोबाइट, आणि सगळा खेळ ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलं आहे, फक्त रंग वेगळा. एवढी काटकसर करणाऱ्यांनी उडीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला नाही.

पडदा २५६ पिक्सेल रुंद आहे आणि एक वीट १६ पिक्सेलची, म्हणजे पडद्यावर आडव्या १६ विटा बसतात. पुढचं सगळं विटांतच मोजू.

जागेवर उभं राहून उडीचं बटण दाबलं की मारिओ पहिल्या फ्रेमला ४ पिक्सेल वर जातो. बटण दाबून धरलं तर हा वेग दर फ्रेमला पिक्सेलच्या एक अष्टमांशाने कमी होतो. आठ फ्रेमनंतर वेग ३ उरतो, सोळानंतर २, चोविसानंतर १ आणि बत्तिसाव्या फ्रेमला शून्य. तोवर मारिओ ६४ पिक्सेल, म्हणजे बरोबर चार विटा वर पोहोचलेला असतो. जोरात पळत येऊन उडी मारली तर सुरुवात ५ पिक्सेलने होते, वेग जरा जास्त झपाट्याने कमी होतो, पण शिखर गाठायला लागणारे फ्रेम तेवढेच, ३२. उंची मात्र ८० पिक्सेल, म्हणजे पाच विटा. पळत आलेला मारिओ उंच उडतो हे प्रत्येकाला हाताने ठाऊक असतं. त्यामागे ही एका विटेची भर आहे.

आता उतरण. खऱ्या जगात हवेत फेकलेला चेंडू वर जायला जितका वेळ घेतो तितकाच खाली यायला घेतो. मारिओचं तसं नाही. शिखर गाठल्याबरोबर त्याला खाली खेचणारं बळ साडेतीन पट होतं, आणि पडण्याचा वेग चार-साडेचार पिक्सेलच्या आसपास अडवून धरलेला आहे. त्यामुळे चार विटा चढायला ३२ फ्रेम लागतात, उतरायला सुमारे २० पुरतात. चढताना विचार करायला सवड मिळते, उतरताना रेंगाळणं नसतं. दोन्ही बाजूंना सारखंच बळ ठेवलं तर उडी फुग्यासारखी तरंगते. हौशी मंडळींनी बनवलेल्या पहिल्या खेळात हमखास दिसणारा दोष हाच आहे.

यातली सगळ्यात सुंदर करामत पुढे आहे. हे साडेतीन पट बळ शिखरावर तर लागू होतंच, पण तुम्ही बटण सोडलं की त्याच क्षणीही लागू होतं. बटणाला नुसती टिचकी मारून सोडलं तर उडी साधारण १८ पिक्सेलची, एका विटेपेक्षा जराशी जास्त. अर्ध्यात सोडलं तर मधली. म्हणजे उडी मारल्यावरही ती किती उंच जाणार हे अंगठ्याखाली राहतं. बटण एकच, पण त्यातून सव्वा विटेपासून पाच विटांपर्यंत हवी ती उंची निघते. तबल्यावर जसं बोट किती वेळ टेकवलं यावर बोल बदलतो, तसंच इथे दाब किती फ्रेम टिकला यावर उडी बदलते. हे जमायला लागलं की खेळणारा 'बटण दाबतो' असं म्हणत नाही, 'मी उडी मारली' असं म्हणतो. आनंद सुरू होतो तो इथे.

आडव्या हालचालीतही असंच वजन आहे. चालण्याचा कमाल वेग फ्रेमला सुमारे दीड पिक्सेल, पळण्याचा अडीचहून किंचित जास्त. तो वेग यायला वेळ लागतो आणि उलट दिशा दाबली की मारिओ घसरत थांबतो. चालत मारलेली उडी सपाट जमिनीवर पाच-साडेपाच विटा ओलांडते, पूर्ण वेगातली साडेआठ-नऊ. त्यामुळे मोठा खड्डा दिसला की प्रश्न फक्त उडीचा नसतो. मागे धाव घ्यायला जागा आहे का, हेही पाहावं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे, पूर्ण वेगात असताना एका विटेइतक्या रुंद फटीवरून मारिओ उडी न मारताही निघून जातो.

पळताना समोरचं किती दिसतं? मारिओ पडद्याच्या मध्यापेक्षा थोडा डावीकडे असतो, म्हणजे पुढे साधारण १४० पिक्सेल दिसतात. पूर्ण वेगात ते अंतर ५५ फ्रेममध्ये, म्हणजे एका सेकंदाच्या आत संपतं. शत्रू दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि अंगठा हलवणं हे सगळं तेवढ्यात बसवायचं. माणसाला हे जमतं, पण जेमतेम जमतं. म्हणूनच पळण्याचं बटण धरून खेळताना छातीत धडधड होते आणि सोडून खेळताना होत नाही.

खेळ कडक आहे, पण खेळणाऱ्याची बाजू घेणारा आहे. शत्रूचं चित्र जेवढं दिसतं त्यापेक्षा त्याचा 'लागण्याचा' चौकोन लहान ठेवला आहे. कासवाला नुसता घसटून गेल्यासारखा दिसलात तर बहुधा वाचता. आणि मारिओ खाली येत असताना शत्रूला टेकला, तर ते तुडवणं धरलं जातं, अगदी डोक्यावर बरोबर पडला नसला तरी. शंका आली की निकाल खेळणाऱ्याच्या बाजूने. अलीकडच्या खेळांनी हा उदारपणा आणखी वाढवला आहे. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. खेळणाऱ्याला हे कळतही नाही. त्याला वाटतं, आपण अगदी कडेवरून उडालो.

पहिल्या पातळीची रचना शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी कशी केली आहे ते पाहण्यासारखं आहे. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळतं. मग प्रश्नचिन्हाची चमकणारी वीट आणि समोरून येणारा पहिला शत्रू. उडी शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मेलात तरी सुरुवातीपासून दोनच सेकंदांवर आहात. विटेतून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, पाईपवर आपटतो आणि परत तुमच्याकडे येतो. डोक्यावर विटांची ओळ असल्यामुळे घाबरून उडी मारली तरी तो बहुधा अंगावर येतोच, आणि मग कळतं की हा औषधाचा आहे, विषाचा नाही. पातळीच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात आणि मध्ये सपाट जमीन असते. चुकलं तरी काही होत नाही. लगेच पुढे तसेच दोन जिने येतात, मध्ये खड्डा. आधी सुरक्षित सराव, मग तीच उडी जिवावरची. एकही शब्द न लिहिता शिकवण्याचं इतकं नेटकं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

प्रत्येक जुन्या खेळाची उडी अशीच नसते. 'कॉन्ट्रा'त हवेत असताना पूर्ण दिशा बदलता येते, कारण तिथे उडी गोळ्या चुकवण्यासाठी आहे. 'कॅसलव्हेनिया'त एकदा उडी घेतली की दिशा बदलता येत नाही, म्हणून उडण्याआधीच हिशोब पक्का करावा लागतो. कॉम्प्युटरवरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त तर धावायचं पाऊल पूर्ण झाल्यावरच उडी सुटते. त्याला मारिओसारखं खेळायला गेलं की दर वेळी दरीत. खेळ वाईट नाही, त्याचा ताल वेगळा आहे.

पन्नास की साठ?

शाळेत जमायचं ते आता का जमत नाही, हा प्रश्न. वय हे त्याचं एकच कारण नाही. भारतातला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारा. आपल्याकडच्या अनेक टीव्ही गेम यंत्रांतून तोच ६० चा खेळ ५० ने चालायचा. खेळ फ्रेम मोजतो, सेकंद नाही. त्यामुळे ३२ फ्रेमची चढण ०.५३ सेकंदाऐवजी ०.६४ सेकंदाची व्हायची, संगीतही संथ वाजायचं, आणि सगळा खेळ एक षष्ठांशाने सावकाश चालायचा. आज मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लावला की तो बहुधा मूळच्या ६० ने चालतो, म्हणजे तुमच्या अंगठ्याला ठाऊक असलेल्या खेळापेक्षा २० टक्के वेगाने. बोटं जुन्या तालावर उडी मारतात, तोवर खड्डा पुढे आलेला असतो. उपाय दोन. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश 'पाल' किंवा 'डेंडी' निवडावा. डेंडी हे अशाच एका नकली यंत्राचं नाव आहे आणि आपल्या जुन्या यंत्रांची चाल त्याच्या जवळ जाते. नाहीतर आठवडाभर ६० ची सवय करावी. आमचं मत दुसऱ्या उपायाच्या बाजूने आहे, कारण उडीचं गणित ज्या वेगासाठी बसवलं होतं तो ६० च आहे.

नवा टीव्ही आणि हरवलेली वीट

जुना डबा टीव्ही यंत्राकडून आलेली चित्राची एकेक रेघ आली तशी काचेवर काढत असे, वाट पाहत नसे. आजचा एलईडी टीव्ही आधी पूर्ण चित्र साठवतो, मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. या सोपस्कारांत अनेक टीव्हींवर ५० ते १०० मिलिसेकंद जातात. आपल्या मोजमापात बसवा: १०० मिलिसेकंद म्हणजे सहा फ्रेम, आणि पळणारा मारिओ सहा फ्रेममध्ये १५ पिक्सेल सरकतो. जवळपास एक वीट. म्हणजे तुम्हाला मारिओ कड्यावर दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात एक वीट पुढे, हवेत असतो. चूक तुमच्या हाताची नसते, तरी खापर हातावर फुटतं.

पहिला उपाय फुकट आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करा. तो बहुधा त्या एका एचडीएमआय जोडणीपुरताच लागू होतो, म्हणून यंत्र जोडलेल्या पोर्टवर असतानाच करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि चित्रातले बारीक ठिपके (नॉइज) कमी करणारी सोय, दोन्ही बंद. ब्लूटूथ कंट्रोलरऐवजी वायरचा वापरा.

जुनं यंत्र नव्या टीव्हीला जोडताना वेगळ्याच अडचणी येतात. पिवळ्या-पांढऱ्या पिनांसाठी हल्लीच्या टीव्हीला बहुधा एकच बारीक गोल भोक असतं आणि त्यासाठीची वायर प्रत्येक कंपनीची वेगळी जुळवलेली असते. पिवळी पिन लावून चित्र येत नसेल आणि आवाजात गुरगुर येत असेल, तर पिवळी-लाल-पांढरी अदलाबदल करून पाहा. या पिनांचं (एव्हीचं) एचडीएमआय करणारी स्वस्त डबी घेतली तर तिच्यातही वेळ जातोच, शिवाय एक विचित्र दोष येतो. मार लागल्यावर मारिओ लुकलुकतो, म्हणजे एक फ्रेम आड दिसतो. काही डब्या नेमके अर्धेच फ्रेम धरतात, आणि मग मारिओ लुकलुकण्याऐवजी काही वेळ पूर्ण गायब होतो. बदकं मारायची बंदूक तर एलईडी टीव्हीवर चालतच नाही, ती डबा टीव्हीच्या काचेवरचा प्रकाश नेमक्या क्षणी ओळखण्यावर अवलंबून आहे.

म्हणून ज्यांना जागा आहे त्यांनी १४ इंची डबा टीव्ही जपून ठेवावा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुनी यंत्रं, कॅसेट, रिमोट असं काही ना काही दिसतं. घेण्याआधी चालू करून बघण्याचा आग्रह धरा, आणि टीव्हीची पाठ स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

माळ्यावरून काढलेलं यंत्र

पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर चार महिने दमट हवा असते, आणि कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात. त्यावर सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे फुंकर. फुंकरीने काम होतं असं वाटतं, कारण कॅसेट काढून पुन्हा घातल्याने पट्ट्या घासल्या जातात. फुंकरीतली वाफ मात्र गंज वाढवते. त्याऐवजी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पट्ट्यांवर उभी फिरवा, काडी काळी येणं थांबेपर्यंत काड्या बदला आणि पाच मिनिटं वाळू द्या. डाग हट्टी असेल तर मऊ पांढरं खोडरबर चालेल, पॉलिश पेपर नको, त्याने वरचा मुलामा जातो. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून वायरी, पिना, अडॅप्टर यांसोबत तेही विचारता येईल.

बिघाड कुठे आहे हे पडदाच सांगतो. या कॅसेटमध्ये खेळाचा प्रोग्राम आणि चित्रं यांना वेगवेगळ्या पिना आहेत. खेळ चालतोय, आवाज ठीक आहे, पण मारिओच्या जागी अक्षरांचा खिचडा दिसतोय, तर चित्रांच्या पिना मळल्या आहेत. पडदा एकाच रंगाचा आणि काहीच हालचाल नाही, तर प्रोग्रामच्या पिना. दोन्हींवर आधी सफाईच. बहुतेक स्वस्त कॅसेटमध्ये चिप म्हणून बोर्डावर काळ्या रसायनाचा एक ठिपका असतो. तो मेला तर दुरुस्ती नाही.

अडॅप्टरबाबत घाई करू नका. यंत्राच्या पोटाखाली व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण छापलेली असते, अनेकांवर ९ व्होल्ट. पिनेच्या आत प्लस की मायनस हे यंत्रागणिक बदलतं. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय दुसरा अडॅप्टर लावू नका. उलटा लागला तर आतला भाग जळू शकतो. पडद्यावर काळपट आडव्या पट्ट्या सरकत असतील तर बहुधा अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकला आहे. यंत्र चालू असताना कॅसेट काढू नका.

रिमोटचं उजवीकडे जायचं बटण जोर दिल्याशिवाय लागत नसेल तर उघडून आतलं रबर बघा. त्यावरच्या काळ्या कार्बनच्या गोळ्या आणि बोर्डावरचा सोनेरी-काळा भाग, दोन्ही अल्कोहोलने हलके पुसा. टीव्ही रिमोट दुरुस्त करणाऱ्याला हेच काम रोजचं असतं. हे बटण मध्येच सुटत राहिलं तर पळण्याचा वेग कमी होतो, आणि उडी आखूड पडते.

इम्युलेटरवर खेळताना

या खेळांचे हक्क अजून मूळ कंपन्यांकडे आहेत, फाइल कुठूनही उतरवून घेणं कायदेशीर नाही. शिकायला मोफत आणि नवे होमब्रू खेळ, म्हणजे हौशी मंडळींनी जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले खेळ, आहेत. २०१९ चा 'मायक्रो मेजेस' हा विकतचा खेळ तर जुन्या यंत्रासाठीच लिहिलेला आणि मारिओइतक्याच ४० किलोबाइटचा आहे.

रेट्रोआर्चसारख्या इम्युलेटरमध्ये उशीर मोजायची सोय आहे. खेळ चालू करून कीबोर्डवर पी दाबून थांबवा. उडीचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र कितव्या फ्रेमला हललं ते मोजा. दुसऱ्या फ्रेमला हललं तर एक फ्रेम खेळाच्या आतच जातो. तेवढाच आकडा 'रन-अहेड'मध्ये, म्हणजे हा उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये, घाला. आकडा जास्त घातला तर उडीचे पहिले फ्रेम दिसेनासे होतात आणि पात्र झटका खाल्ल्यासारखं उडतं.

कीबोर्डवर आणखी एक जुनं दुखणं आहे. उजवीकडे, पळणं आणि उडी ही तीन बटणं एकत्र दाबली की काही कीबोर्ड तिसरं ओळखतच नाहीत. उडी मध्येच लागत नसेल तर पळण्यासाठी शिफ्ट किंवा कंट्रोल ठेवून पाहा.

अंगठा कसा ठेवायचा

नव्याने खेळणारे एका बटणावरून दुसऱ्यावर अंगठा उचलून नेतात, आणि त्यात पळणं सुटतं. अंगठ्याचं टोक पळण्याच्या बी बटणावर कायम दाबलेलं ठेवा आणि पेराजवळचा भाग उडीच्या ए बटणावर कलता टेकवा. उडी मारायची म्हणजे अंगठा उचलायचा नाही, नुसता कलंडवायचा. पहिल्या दिवशी अवघडतं.

सराव पहिल्या पातळीतच करा, पण खेळ संपवण्यासाठी नाही. पहिल्या पाईपपाशी जागेवर उभे राहून दहा उड्या फक्त टिचकीच्या, दहा पूर्ण दाबून धरलेल्या, आणि मग त्यांच्या मधली उंची दहा वेळा सलग सारखी येते का पाहा. त्यानंतर मध्ये सपाट जमीन असलेल्या जिन्यांवर पळत उडी मारा, जिथे पडलं तरी काही बिघडत नाही. उडी खड्ड्याच्या कडेवरून मारायचा मोह टाळा. पूर्ण वेगात नऊ विटा मिळतात आणि सुरुवातीच्या पातळ्यांतले बहुतेक खड्डे दोन-तीन विटांचे आहेत, म्हणजे कडेच्या दोन विटा आधी उडालात तरी भरपूर शिल्लक राहतं. खड्ड्यात पडणारा बहुतेक वेळा उडी लहान म्हणून पडत नाही, उशिरा दाबली म्हणून पडतो.